जुनी जीप सुरू कां होत नाहीं? : विजेच्या वाटेचा एक पाठ

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अजूनही अशा कित्येक वाड्या आहेत कीं, जेथील जांभ्या दगडाच्या चढणीवर आणि पावसाळ्यांतील चिखलांत साध्या मोटारीचें कांहीं चालत नाहीं. तेथें आजारी माणसाला दवाखान्यांत पोंचविण्यास, आंब्याच्या पेट्या सडकेपर्यंत आणण्यास अथवा लग्नघरचें सामान वाहण्यास चारही चाकांना जोर असलेली एखादी जुनी जीपगाडीच कामास येते. अशी गाडी वयानें पंचवीस-तीस वर्षांची असली तरी अंगानें धडधाकट असते. परंतु ऐन गरजेच्या वेळीं किल्ली फिरवावी आणि गाडीनें 'टक्' एवढाच आवाज करून गप्प बसावें, हा अनुभवही पुष्कळ घरांना आहे. अशा वेळीं तर्कांना ऊत येतो. कोणी म्हणतो, बॅटरी गेली. कोणी म्हणतो, सेल्फ जळला. घरांतील पैसे खर्चून नवी बॅटरी आणली जाते, दोन दिवस गाडी चालते आणि तिसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रकार होतो. रोग एका ठिकाणीं आणि औषध दुसऱ्या ठिकाणीं, असें झाल्यावर गुण कसा यावा? म्हणून हा दोष पद्धतशीर कसा शोधावा, तें या लेखांत क्रमाक्रमानें पाहूं. शाळेंत शिकलेल्या विद्युच्छास्त्रापलीकडे त्यास फारसें कांहीं लागत नाहीं.

प्रथम थोडा इतिहास. मोटारीच्या आरंभींच्या काळांत इंजिन सुरू करण्यास लोखंडी हँडल हातानें फिरवावें लागे. इंजिननें उलट झटका दिला म्हणजे फिरविणाराचें मनगट मोडण्याचे प्रसंग येत. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्यानें विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत तो बसविण्यांत आला. जीपगाडीचा जन्म दुसऱ्या महायुद्धांतला. विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनीं १९४१ पासून ती सैन्यासाठीं मोठ्या प्रमाणावर बांधिली. आज महिंद्र अँड महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें १९४७ सालीं विलिस जीपचे सुटे भाग हिंदुस्थानांत आणविले व पुढें मुंबईंत माझगांव येथें गाड्यांची जोडणी होऊं लागली. युद्धकालीन जीपची बॅटरी सहा व्होल्टची असून स्टार्टरचें बटण पायाखालीं असे. नंतरच्या गाड्यांत बारा व्होल्टची पद्धत रूढ झाली, बटणाच्या जागीं किल्ली आली आणि पेट्रोलच्या जोडीला डिझेल इंजिनें आलीं. या लेखांतील आंकडे बारा व्होल्टच्या गाडीचे आहेत.

आतां वीज कोणत्या वाटेनें जाते, तें पाहूं. बॅटरीच्या धन टोंकापासून एक जाड तार निघते व सॉलेनॉइड नांवाच्या स्विचाकडे जाते. तेथून वीज स्टार्टरमध्यें शिरते. स्टार्टरचें आंग इंजिनला घट्ट बांधलेलें असल्यामुळें वीज इंजिनच्या लोखंडांत उतरते. परंतु इंजिन हें रबराच्या बैठकींवर टेकलेलें असतें आणि रबरांतून वीज वाहत नाहीं. म्हणून इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. तिला कारागीर 'अर्थिंगची पट्टी' म्हणतात. त्या पट्टींतून सांगाड्यांत आणि सांगाड्यांतून बॅटरीच्या ऋण टोंकाकडे वीज परत येते, तेव्हां फेरा पुरा होतो. ही झाली मोठी वाट. हिच्या जोडीला एक लहान वाट आहे. किल्ली फिरविली म्हणजे एका बारीक तारेनें थोडीशी वीज सॉलेनॉइडच्या वेटोळ्यांत जाते. तें वेटोळें लोहचुंबक बनून आंतील दांडा ओढतें आणि मोठ्या वाटेचें दार उघडतें. लहान वाट हुकूम पोंचविते, मोठी वाट काम करते. दोहोंपैकीं कोणती बंद आहे, हें ठरविणें हीच परीक्षेची पहिली पायरी होय.

माडांच्या बागेला पाटानें पाणी देतांना जें आपण पाहतों, तेंच येथें घडतें. टांकी भरलेली असली तरी पाटांत एके ठिकाणीं माती सांचली तर पुढच्या माडाला पाणी पुरत नाहीं. टांकींतील पाण्याच्या उंचीसारखा विजेचा दाब, तो व्होल्टमध्यें मोजतात. वाहत्या पाण्यासारखा विजेचा प्रवाह, तो अँपिअरमध्यें मोजतात. आणि सांचलेल्या मातीसारखा रोध, तो ओहममध्यें मोजतात. या तिहींचा संबंध १८२७ सालीं जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. हे गृहस्थ कोलोन शहरांतील एका विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत, ही गोष्ट शाळेच्या वार्षिकांत सांगण्याजोगी आहे. त्यांचा नियम असा कीं, प्रवाहाला रोधानें गुणिलें म्हणजे त्या रोधावर किती दाब खर्च होतो तें कळतें.

हा नियम आपल्या जीपला लावून पाहूं. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ ०.०१ ओहम आहे, असें समजा. पुढचा दिवा ५५ वॅटचा असेल तर तो सुमारें ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. त्याचा प्रवाह या सांध्यांतून गेल्यास ४.६ गुणिलें ०.०१, म्हणजे ०.०४६ व्होल्ट एवढाच दाब वाटेंत खर्च होईल. डोळ्यांना फरकही दिसणार नाहीं. पण स्टार्टरला इंजिन फिरवितांना २०० अँपिअर लागले, तर त्याच सांध्यावर २ व्होल्ट नाहींसे होतात आणि तेथें ४०० वॅटची उष्णता उत्पन्न होते. बारांतून दोन व्होल्ट असे वाटेंतच गेल्यावर स्टार्टरला बळ कोठून यावें? यावरून दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. "दिवे चांगले लागतात, अर्थीं बॅटरी व तारा ठीक आहेत," हें सर्वत्र ऐकूं येणारें अनुमान खरें धरतां येत नाहीं. दुसरें असें कीं, सेल्फ मारल्यानंतर जो सांधा हाताला गरम लागेल, तोच बहुधा अपराधी असतो.

यंत्रास हात लावण्यापूर्वीं कानांनीं व डोळ्यांनीं परीक्षा करावी. गाडी न्यूट्रलमध्यें घालून हँडब्रेक ओढावा, चाकांपुढें दगड लावावे, पुढचे दिवे लावावे आणि एकानें किल्ली फिरवितांना दुसऱ्यानें दिव्याकडे पाहावें. मग खालील लक्षणें ओळखावीं.

पहिलें लक्षण : कांहींही आवाज नाहीं व दिवाही मंदावत नाहीं. येथें हुकूमच पोंचत नाहीं. लहान वाट तपासावी : किल्लीचा स्विच, बारीक तार, फ्यूज असल्यास फ्यूज, आणि सॉलेनॉइडवरील लहान टोंक.

दुसरें लक्षण : एकच जोराचा 'टक्' होतो, दिवा प्रखरच राहतो. येथें हुकूम पोंचला, पण मोठ्या वाटेंत अडथळा आहे. सॉलेनॉइडमधील तांब्याचे जळलेले ठोकळे, सैल जाड तार, गंजलेली अर्थिंगची पट्टी अथवा स्टार्टरचे झिजलेले कार्बन, यांपैकीं एक कारण असतें.

तिसरें लक्षण : 'टक्' होऊन दिवा अगदीं विझाल्यासारखा होतो. बॅटरी रिकामी आहे, तिच्या टोंकावरील पकड खराब आहे, किंवा स्टार्टर अगर इंजिन कोठें तरी अडकलें आहे.

चौथें लक्षण : 'टक्-टक्-टक्' असा भरभर आवाज होतो. सॉलेनॉइड दार उघडतें. त्यासरशी मोठा प्रवाह वाहूं लागून दुबळ्या बॅटरीचा दाब कोसळतो. चुंबक दुबळें होऊन दार मिटतें. दाब पुन्हां चढतो आणि तोच खेळ फिरून चालू होतो. येथें बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोंकावर गंज चढलेला असतो.

पांचवें लक्षण : स्टार्टर नुसताच सूं-सूं फिरतो, इंजिन हालत नाहीं. विजेचा दोष नव्हे. स्टार्टरचें लहान दांतेरी चाक इंजिनच्या चक्राला लागत नाहीं. जुन्या जीपमध्यें बेंडिक्सच्या आट्यांवर माती व वंगण सांचून असें घडतें.

लक्षण ओळखल्यावर मोजमाप करावें. व्होल्ट मोजणारें साधें आंकडेदर्शी मीटर आज थोडक्या पैशांत मिळतें. पाहणी पुढील क्रमानें करावी, कारण प्रत्येक पायरीचें उत्तर पुढच्या पायरीला आधार देतें.

एक. गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोंकांमधील दाब मोजावा. १२.६ व्होल्ट असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ असल्यास सुमारें पाऊण, १२.२ असल्यास निम्मी, आणि १२ च्या खालीं असल्यास जवळजवळ रिकामी समजावी. बॅटरींत सहा घरें असतात. घरांचीं झांकणें उघडतां येत असल्यास हायड्रोमीटरनें प्रत्येक घरांतील आम्लाची घनता पाहावी. भरलेल्या घराची ती सुमारें १.२६ असते. पांच घरें सारखीं आणि एकच फार उतरलेलें आढळल्यास तें घर मेलेलें आहे. मग ती बॅटरी बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं.

दोन. सेल्फ मारीत असतां तोच दाब पुन्हां मोजावा. या वेळीं इंजिन पेटूं नये म्हणून पेट्रोलच्या गाडींत कॉइलची मधली तार काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवावी; डिझेलच्या गाडींत इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी. दाब ९.६ व्होल्टच्या खालीं गेला तर बॅटरी दुबळी आहे, किंवा स्टार्टर वाजवीपेक्षां जास्त वीज खात आहे.

तीन. आतां मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोंकाच्या शिशावर, पकडीवर नव्हे, आणि दुसरी स्टार्टरच्या जाड टोंकावर ठेवून सेल्फ मारावा. मीटर जो आंकडा दाखवील, तेवढा दाब वाटेंत हरवला. तो अर्ध्या व्होल्टपेक्षां अधिक नसावा. अधिक असल्यास तार, पकड व सॉलेनॉइड एकेक करून अशाच रीतीनें मोजावें.

चार. एक सुई बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरी इंजिनच्या स्वच्छ घांसलेल्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारावा. येथें पाव व्होल्टच्या आसपास आंकडा असावा. जास्त असेल तर अर्थिंगचा दोष आहे. मीटर नसल्यास ऋण टोंकापासून थेट इंजिनच्या लोखंडापर्यंत एक जाड जंपर तार लावावी; त्यासरशी स्टार्टर जोरानें फिरला तर निदान झालें.

पांच. किल्ली फिरविलेली असतां सॉलेनॉइडच्या लहान टोंकावर वीज येते कीं नाहीं, तें परीक्षेच्या दिव्यानें पाहावें. येत नसेल तर तारेच्या मार्गानें किल्लीपर्यंत मागें मागें जावें.

सहा. या पांचही परीक्षांत गाडी उतरली, तरच स्टार्टर काढून कारागिराकडे न्यावा. त्याचे कार्बन, बुश आणि तांब्याचा फिरता भाग तेथें तपासले जातील.

एक उदाहरण सोडवून पाहूं. समजा, एका जीपची बॅटरी स्वस्थ असतांना १२.५ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारल्यावर बॅटरीवर १०.८ व्होल्ट राहतात, परंतु इंजिन अगदीं मंद फिरतें. धन बाजूनें ०.३ व्होल्ट हरवतात. ऋण बाजूनें १.९ हरवतात. तेव्हां स्टार्टरला मिळाले १०.८ वजा ०.३ वजा १.९, म्हणजे ८.६ व्होल्ट. प्रवाह १५० अँपिअर असेल तर ऋण वाटेचा रोध १.९ भागिले १५०, म्हणजे सुमारें ०.०१३ ओहम. बॅटरी निर्दोष आहे, स्टार्टरही निर्दोष आहे; दोष अर्थिंगच्या पट्टींत आहे. या गाडीला नवी बॅटरी बसविली असती तर ती नवी म्हणून दोन दिवस जोर करती, आणि मालकाचा समज होता कीं बॅटरीच वाईट निघाली. पट्टी काढून, खालचें लोखंड घांसून पुन्हां आवळण्यास अर्धा तास पुरतो आणि नवी पट्टी घ्यावी लागली तरी तिची किंमत बॅटरीच्या मानानें क्षुल्लक असते.

आपल्या किनाऱ्यावर हाच दोष इतका वारंवार कां आढळतो, याचेंही उत्तर पदार्थविज्ञानांत आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. देवबागसारख्या, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी असलेल्या गांवीं वाऱ्याबरोबर हे क्षार गाडीच्या अंगावर बसतात आणि हवेंतील ओल ओढून घेतात. १८०० सालीं व्होल्टा यानें दोन भिन्न धातूंच्या चकत्या व मधोमध खाऱ्या पाण्यांत भिजविलेलीं फडकीं रचून पहिली बॅटरी केली. अर्थिंगची तांब्याची पट्टी, तिच्याखालील लोखंड आणि दोहोंमधील खारी ओल मिळून तशीच एक चिमुकली बॅटरी आपोआप तयार होते. ती कोणाच्या उपयोगाची नाहीं. मात्र लोखंड खात राहते. वरून पट्टी चांगली दिसते आणि खालीं गंजाचा थर वाढतो. म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वीं मे महिन्यांत आणि तो संपल्यावर दसऱ्याच्या सुमारास ही पट्टी व सारे मोठे सांधे उघडून, घांसून, पुन्हां घट्ट आवळावे व वरून व्हॅसलीन अथवा ग्रीझ लावावें. बॅटरीच्या टोंकांवरील पांढरी-निळी भुकटी कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा मिसळून धुवावी. मात्र तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. जी गाडी चार महिने पडवींत उभी असते, तिच्या बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी व महिन्यांतून एकदां बॅटरी भरून घ्यावी. तारांचें वेष्टण उंदीर कुरतडतात, तेंही पाहावें.

स्टार्टर उत्तम फिरतो, तरीही इंजिन पेटत नाहीं, असें झाल्यास शोधाची दिशा बदलते. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्यें पावसाळ्यांत डिस्ट्रिब्युटरच्या टोपींत ओल धरते व ठिणगी भलतीकडे जाते. टोपी काढून कोरड्या फडक्यानें पुसावी. नंतर पॉइंट पाहावे. विलिस इंजिनाच्या पॉइंटमधील फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर, असावी. पॉइंट जळून काळे पडत असल्यास कंडेन्सर संशयित समजावा. ज्या डिझेल इंजिनांना हीटर प्लग असतात, तीं थंडींत प्लग तापल्यावांचून सहज पेटत नाहींत. आंबोलीच्या गारव्यांत एखादा प्लग निकामी असला तरी त्याचा परिणाम जाणवतो. आणि गाडी सुरू झाल्यावरही काम संपलें असें समजूं नये. इंजिन चालू असतांना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तसे न दिसल्यास बॅटरी भरली जात नाहीं. फॅनबेल्ट आणि वीज उत्पन्न करणारें यंत्र तपासावें. नाहीं तर उद्यां सकाळीं तोच प्रसंग.

आतां सावधगिरीच्या गोष्टी. या भागाकडे पालकवर्गानेंही लक्ष द्यावें. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो आणि हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें तरी ठिणगीनें त्याचा स्फोट होऊं शकतो. म्हणून बॅटरीजवळ काडी अथवा विडी पेटवूं नये. आंतील द्रव गंधकाम्ल आहे. तो डोळ्यांत उडाल्यास पुष्कळ स्वच्छ पाण्यानें बराच वेळ डोळे धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. पातळी कमी झाल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावें. तारा सोडतांना ऋण तार आधीं सोडावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी. म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाहीं. हातांतील अंगठी, कडें काढून ठेवावें. सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये, व मध्यें अर्धा मिनिट तरी विश्रांति द्यावी. स्टार्टरच्या टोंकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवून गाडी सुरू करण्याची युक्ति वाटेवर पुष्कळजण करतात. गाडी गिअरमध्यें राहिली असल्यास ती समोरच्या माणसाच्या अंगावर जाते, म्हणून मुलांनीं तिच्या वाटेला जाऊं नये. हँडल मारण्याचा प्रसंग आल्यास तें मोठ्या माणसानें मारावें आणि अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलट झटक्यानें तो मोडत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, रोग्याची नाडी पाहिल्यावांचून औषध देणाऱ्या वैद्याला आपण शहाणा म्हणत नाहीं. यंत्राच्या बाबतींतही तोच न्याय लावावा. एका वेळीं एकच गोष्ट तपासावी, आलेला आंकडा वहींत लिहावा आणि त्यावरून जेवढें ठरतें तेवढेंच बोलावें. पालकांस विनंति एवढीच कीं, गाडी बिघडली म्हणजे मुलांना दूर न हांकतां दिव्याकडे पाहण्याचें, आवाज ऐकण्याचें व आंकडे टिपण्याचें काम त्यांच्याकडे द्यावें. ओहमचा नियम फळ्यावर शिकलेला मुलगा किंवा मुलगी एकदां गंजलेली पट्टी शोधून काढील, तर तो नियम जन्मभर विसरणार नाहीं. आणि पावसाच्या रात्रीं दवाखान्याकडे निघालेली गाडी वाडींतच अडून राहणार नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका सांध्याचा रोध ०.०२ ओहम आहे. त्यांतून १५० अँपिअर प्रवाह गेल्यास किती व्होल्ट हरवतील व किती वॅट उष्णता उत्पन्न होईल?

२. दिवा प्रखर असूनही स्टार्टर फिरत नाहीं, याचें कारण ओहमच्या नियमानें समजावून सांगा.

३. मीटरची सुई पकडीवर न ठेवतां बॅटरीच्या टोंकाच्या शिशावरच कां ठेवावी?

४. आपल्या घरीं अथवा शेजारीं जुनी गाडी असल्यास वडील माणसांच्या देखरेखीखालीं तिच्या बॅटरीचा दाब गाडी बंद असतांना, सेल्फ मारतांना व इंजिन चालू असतांना मोजा, आणि तिन्ही आंकड्यांवरून आपलें निदान लिहा.